एकादशीला सोडलेल्या गोष्टी

२८ जून, शनिवार

पोचलो. अकोटहून दर्यापूरमार्गे अमरावती, आणि निम्म्या रस्त्यात माझ्या मांडीवर माझीच पेटी. कंडक्टरने विचारलं, कीर्तन शिकायला चालला की किराणा दुकान टाकायला. त्याचं काही चुकलं नाही. आईने पेटीत खारवड्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, दोन बरण्या लोणचं आणि थोडी जागा उरली म्हणून माझे कपडे भरले आहेत.

ही वही दामिनीने दिली. दामिनी माझी धाकटी बहीण, बारावीला आहे आणि स्वतःला माझी हेडमास्तरीण समजते. रोजचं रोज लिहायचं, काही लपवायचं नाही, दिवाळीला घरी आलो की ती तपासणार. तर दामिनीबाई, नमस्कार, आपला दादा अंकुर सुखरूप आहे.

आई अंगणवाडीतून अर्धी रजा टाकून स्टँडवर आली होती. अंगणवाडीत ती मदतनीस आहे. खिचडीच्या पातेल्याने भाजलेला डाव्या मनगटावरचा डाग पदराखाली झाकत अख्ख्या बसला सांगत होती की पोरगं पहिल्यांदाच बाहेर चाललं. बस हलली तेव्हा तिने तळहाताने पत्र्यावर दोनदा थाप मारली. बाबा होते तेव्हा त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर अशीच मारायची. वर म्हणाली, 'रविवारी फोन करजो. नाई केला तं मी येऊन उभी राहीन.'

विद्यालय छत्री तलावाच्या रस्त्याला आहे. बावीस मुलं, तीन वर्षं शिकायचं, मग कीर्तनकार म्हणून बाहेर. मुख्य मोतीरामबुवा, बारीक, हळू आवाजाचे. खोलीतला सोबती नितेश परतवाड्याचा, दुसऱ्या वर्षाला. त्याने न सांगता माझी गादी घातली. स्वयंपाकाच्या सुंदराबाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'किती पोया खातं बाप्पा तू?' मी सहा सांगितल्या. त्या म्हणाल्या, पहिल्या महिन्यात सगळेच सहा सांगतात.

बाबा गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. शिक्षण संपलं की त्यांच्या जागेसमोर उभं राहून कार्तिकीला माझं पहिलं कीर्तन करायचं आणि आईला पहिल्या ओळीत बसवायचं, एवढं ठरवून आलो आहे.

३ जुलै, गुरुवार

साडेचारला उठणं, गार पाण्याची आंघोळ, पाच ते आठ पाठांतर. बुवा ओळ म्हणतात, आपण ती दोनदा म्हणायची. दुपारी चाली आणि मृदंग. मोबाइल बुवांच्या कपाटात, रविवारी चार ते पाच मिळतो.

मोठी मुलं एकदाही चुकत नाहीत. मी चौथ्या ओळीला अडखळतो आणि मग विनोद करून वेळ मारून नेतो. पण इथे विनोद केला की तसाच पडून राहतो. नितेशला कंडक्टरचा किस्सा सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, मग तू काय सांगितलं कंडक्टरला.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

चातुर्मास लागला. आमच्या घरीही चार महिने काहीतरी सोडतात. आई वांगं सोडते आणि कार्तिकीला भरल्या वांग्याने व्याजासकट वसूल करते. इथे तोच रिवाज, पण दर एकादशीला एक गोष्ट. अंगणात एक दगडी डोण आहे, तिच्यात कायम पाणी. दुपारी चारला रांगेने जायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, सोडायची ती गोष्ट मोठ्याने म्हणायची आणि पाणी डोणीत सोडायचं. जो सोडणार नाही त्याने दुसऱ्या दिवसापासून पाठाला बसायचं नाही.

बुवांनी एक सांगितलं ते मला आवडलं. म्हणाले, जबरदस्ती नाही, जे जड वाटतं तेच सोडा. कार्तिकीला ज्याला जे परत हवं त्याने याच डोणीपाशी येऊन मागायचं. मग डोणीकडे बघत म्हणाले, 'पण कोणी मांगत नाही.'

मी कारलं सोडलं. जन्मात आवडलं नाही, देवाला काय कळतं. मागे एक मुलगा 'राग' म्हणाला. मला हसू आलं, ते कसंबसं दाबलं.

चारनंतर आईला फोन केला. 'जेवला काय रे बाप्पा?' तिचा पहिला प्रश्न ठरलेला. उपास आहे म्हटलं. ती म्हणाली, मग साबुदाण्याची उसळ खाल्ली काय.

१२ जुलै, शनिवार

मजेची गोष्ट. काल ताटात एक हिरवी भाजी होती, दोनदा मागून घेतली. सुंदराबाईंना विचारलं, ही कशाची. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 'कारलं ओयखत नाई काय तू?' मी ताटात निरखून बघितलं. आजवर न बघितलेली भाजी वाटली. कडूही लागली नाही.

दामिनी, तू म्हणशील दादा फेकतो. मीही तेच म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट मजेची नाही. घरची आठवण येते. थोडीथोडकी नाही. संध्याकाळी चारच्या सुमाराला, आई अंगणवाडीतून येऊन चुलीशी बसायची ती वेळ झाली की डोळे सारखे फाटकाकडे जातात. पाठ होत नाही. काल भजनात आवाज फुटला आणि अख्ख्या वर्गासमोर रडलो. एकोणीस वर्षांचा घोडा. कोणी हसलं नाही, कोणी पाठीवर हातही ठेवला नाही.

२१ जुलै, सोमवार, एकादशी

गेले आठ दिवस नीट जेवलो नाही. परवा पेटी भरून ठेवली होती. नितेशने पाहिलं. शांतपणे म्हणाला, 'मलेबी लय होत होतं. सोडून दे ना. मी सोडलं, तेव्हापासून काही नाई.' कारल्याचं आठवलं आणि जरा दचकलो. पण चारच तर महिने, कार्तिकीला परत मागता येतं. आणि असा रडत राहिलो तर कीर्तन कसलं करणार.

चारला ओंजळ धरून म्हटलं, घरची आठवण.

पाणी गेलं. खरंच गेलं. आता सात वाजलेत आणि फाटकाकडे एकदाही बघितलं नाही. आईचा चेहरा आठवतो, घर आठवतं, पण नकाशा आठवावा तसं. उपासाची उसळ तीनदा मागून घेतली. उद्याचा पाठ तोंडपाठ आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार, एकादशी

पाठात पहिल्या पाचांत आलो. एकच अडचण होती. बुवा डोळे मिटून ओळ सांगत असताना त्यांच्या टोपीवर एक खार येऊन बसली आणि मला हसू फुटलं. आठ दिवस वेगळं बसवलं. मघाशी डोणीवर म्हटलं, हसू.

खारीचं वर लिहिलं ते वाचून पाहिलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

दामिनीची राखी आली. सोबत चिठ्ठी: दादा, तू फोनवर असा काहून बोलून राहिला, जसा ग्राहक सेवा केंद्रातून बोलतो. आई म्हणते थकला असेल. राखी बांधून घेतली. नितेशने गाठ मारली.

त्याच्या हाताला राखी नव्हती. बहीण आहे का विचारलं. तो म्हणाला, असेल.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

मंगळवारच्या एकादशीला दोडकं सोडलं. जड काही सुचलं नाही.

आज नितेशचे वडील आले. खुशालराव, परतवाड्याच्या बाजारात बैलांचे साज विकतात. पोळ्याचा धंदा टाकून सकाळच्या बसने आले, हातात पुरणपोळ्यांचा डबा. नितेशने त्यांना सतरंजी टाकून दिली, पाणी दिलं, चहा आणला. मग समोर मांडी घालून अदबीने विचारलं, आपण कुठून आलात, काका.

म्हातारा हसला. त्याला वाटलं पोरगं थट्टा करतंय. नितेशने पुन्हा तेच विचारलं. मग खुशालराव माझ्याकडे बघायला लागले, मी काही सांगेन म्हणून. मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी डबा उघडला, एक पोळी नितेशच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, 'तुह्या मायनं दिली.' नितेश म्हणाला, धन्यवाद. खुशालराव फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथे खाली बसले. सुंदराबाईंनी त्यांना उठवलं.

नितेशने पहिल्या वर्षी घरची आठवण सोडली. नंतर राग. नंतर आणखी कायकाय, त्यालाच आठवत नाही. मी विचारलं, परत का नाही मागितलं. तो म्हणाला, मागावंसं वाटायला पाहिजे ना.

२४ ऑगस्ट, रविवार

सुंदराबाईंना गाठलं. त्या या अंगणातलं पाणी पीत नाहीत, घरून बाटली आणतात, हे आज लक्षात आलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं: 'काय काय सोडलं ते लिहून ठेव. कार्तिकीले ते वाचून मांग. ज्याचं तुले स्वतःले मालूम, तेच परत भेटते. दुसऱ्यानं सांगून होत नाई.'

लिहितो. कारलं. घरची आठवण. हसू. दोडकं.

बस, एवढंच. यापुढे भाज्याच सोडायच्या. पळून जायचाही विचार आला, पण मग ही चार परत कुठे मागणार. आईला फोन केला. 'जेवला काय रे बाप्पा?' मला रडायचं होतं. रडायला जे लागतं ते डोणीत आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

अंगणात जाता येत नाही. डोण दिसली की मागे फिरतो — पाणी हलत नाही, वारा असला तरी. कावळा येऊन काठावर बसतो, पीत नाही. पाठ विसरतो. काल बुवांनी विचारलं, कशाचं ओझं आहे. ते म्हणाले, ठेव खाली —

जेवण जात नाही. पानाचा आवाज झाला तरी —

३ सप्टेंबर, बुधवार, एकादशी

ठरवून गेलो होतो, भेंडी. चार वेळा घोकलं. ओंजळीत पाणी घेतलं तर हात इतके कापायला लागले की पाणी सांडायला लागलं. मागे रांग उभी. बुवा हळूच म्हणाले, जे जड आहे ते.

मी म्हटलं, भीती.

हात थांबले. खोलीत येऊन हे लिहिलं. यादी: कारलं, घरची आठवण, हसू, दोडकं, भीती. बरं वाटतंय. बरं म्हणजे काही वाटत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पाठात पहिला. आईचा फोन आला. जेवला का, मग रडणं. म्हणाली, 'तू माह्याशी असा काहून बोलतं? मी काय केलं?' मी सांगितलं, काही केलं नाही. ती म्हणाली घरी ये. मी म्हटलं, अभ्यास आहे. तासातली चाळीस मिनिटं तिनेच घेतली. नंतर पुढच्या पाठाची उजळणी राहिली.

दर रविवारी असंच होतं. बुधवारी एकादशी आहे. काय सोडायचं याचा या वेळी विचार करावा लागला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार, एकादशी

सोडलं. यादीत लिहायचा कंटाळा आला आहे. उद्या लिहीन.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल काय सोडलं ते लिहायला बसलो. आठवत नाही. भाजी असेल.

२१ सप्टेंबर, रविवार

मोबाइलवर एका बाईचा फोन. जेवला का विचारत होती. सुंदराबाई असतील तर स्वयंपाकघरातून का फोन करतील. चुकीचा नंबर म्हणून ठेवला. सात वेळा आला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, एकादशी

भेंडी. यादीत लिहिली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, एकादशी

गवार. यादीत. दिवाळीची सुट्टी घेतली नाही. जाण्यासारखं काही नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

दामिनी आली. मी घरी गेलो नाही म्हणून तीच ताट घेऊन आली. तिच्यासोबत एक बाई होत्या. मी दामिनीला बस वेळेवर मिळाली का विचारलं, पाट मांडला, ओवाळून घेतलं. मग त्या बाईंना सतरंजी टाकून दिली आणि दामिनीला विचारलं, या कोण, तुझ्या कॉलेजच्या मॅडम का.

दामिनीच्या हातातलं ताट कललं. निरांजन विझलं. त्या बाईंनी डबा उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. खारवड्या होत्या. डाव्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग होता. मी विचारलं, हे कशाने झालं.

दामिनी ओरडली, 'दादा, तू हे काय करून राहिला? आई होय ते.' मी त्या बाईंकडे नीट बघितलं. थकलेल्या वाटल्या. म्हटलं, नमस्कार.

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला संकोच वाटला, कारण ओळख नाही.

दामिनीने ही वही माझ्या पेटीतून काढली आणि पायरीवर बसून सगळी वाचली. यादी आली तिथे तिचं बोट थांबलं. पान उलटलं, पुन्हा मागे आली. सतरा सप्टेंबरवर बोट ठेवून खूप वेळ बसली. सुंदराबाई तिच्याशी काही बोलल्या. जाताना दामिनीने मला शपथ घातली की कार्तिकीला यादी वाचून सगळं परत मागायचं. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं कारण नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्या कार्तिकी. दामिनी आणि त्या बाई आजच आल्या आहेत, सुंदराबाईंकडे उतरल्या आहेत. दामिनी फाटकाशी येऊन मला एकच शब्द घोकायला लावते आहे. आई. म्हणतो. सोपा शब्द आहे. लोणी, पाटी, आई.

२ नोव्हेंबर, रविवार, कार्तिकी एकादशी

रांगेत परत मागणारा मी एकटा. बाकीचे बघत उभे होते. नितेशही. बुवा म्हणाले, पाणी ओंजळीत टिकलं तर ते तुझं.

यादी वाचली. कारलं. पाणी टिकलं, तोंड कडू झालं. दोडकं, भेंडी, गवार. हसू — खार आठवली, बुवांची टोपी, आणि हसायला लागलो, एवढ्या लोकांत एकटा, थांबेना. मग भीती. पाणी बर्फासारखं झालं आणि पहिल्यांदा डोणीत बघितलं. नको. लिहीत नाही.

मग घरची आठवण.

चार महिन्यांची एकदम आली. गुडघ्यावर बसलो. चारची वेळ, चूल, धूर, कोणीतरी चुलीशी बसलेलं — तिथे नुसती जागा आहे. साडी नाही, तोंड नाही. कोण बसायचं तिथे. मी कोणासाठी रडतो आहे —

दामिनी ओरडत होती, म्हण, म्हण आता. मी म्हटलं, आई. पाणी बोटांतून गेलं. पुन्हा घेतलं. आई. गेलं. अकरा वेळा. बोटं घट्ट आवळली तरी — तो शब्द माझ्या तोंडात नुसता शब्द आहे, आतून कोणी ओ देत नाही —

बुवा म्हणाले, झालं. वेळ संपली.

खोलीत आलो आहे. वही मागून वाचली, पहिल्या पानापासून. आई असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. स्टँड, पदर, पत्र्यावर दोन थापा. वाचतो आणि दुसऱ्या कोणाच्या घरचं वाचल्यासारखं — छाती फुटते आहे आणि कोणासाठी ते कळत नाही. कोणीतरी मला पाहिजे आहे. लगेच. कोणीतरी एकच माणूस आहे ज्याच्याकडे गेलं की हे थांबेल, आणि तो कोण —

खिडकीतून फाटक दिसतं. दामिनी खाली बसली आहे. त्या बाई उभ्या आहेत. सकाळपासून उभ्या आहेत, त्यांना कोणी बसायला का देत नाही. त्यांनाच विचारून बघू का, तुम्ही पाहिलंत का तिला, ती कशी दिसते —

त्यांनी हात उचलला. फाटकाच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारली. एक. आणि